किमो चालू असताना घरून योग आणि व्यायाम: कुठल्या दिवशी किती, आणि काय नको

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात: "माझं वय ४६. उजव्या स्तनातली गाठ आणि काखेतल्या गाठी काढून ५ आठवडे झाले. ड्रेनची, म्हणजे जखमेतलं पाणी काढणारी, नळी निघून ३ आठवडे झाले. पहिला किमो ९ दिवसांपूर्वी झाला. दर २१ दिवसांनी एक, असे ८ घ्यायचे आहेत. पहिले ४ लाल रंगाच्या औषधाचे, पुढचे ४ दुसऱ्या औषधाचे, मग रेडिएशन. आजारापूर्वी ६ वर्षं मी रोज सकाळी ऑनलाइन योगवर्ग करायचे, १२ सूर्यनमस्कार घालायचे. तोच वर्ग पुन्हा सुरू केला तर चालेल का? आई म्हणते, हात हलवू नकोस, सूज येईल. उजवा हात खांद्याच्या जेमतेम वर जातो आणि काखेपासून कोपरापर्यंत आतून दोरी ताणल्यासारखं वाटतं. किमोनंतर चार दिवस पडून होते. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून पाऊण तास व्यायाम केला, तर पुढचे दोन दिवस पुन्हा अंथरुणात. माझं काय चुकलं?"

प्रिय ताई,

व्यायाम केला हे चुकलं नाही. पाऊण तास केला, हे चुकलं. किमोनंतरच्या पहिल्या बऱ्या दिवशी बहुतेक जणींचं असंच होतं. चार दिवसांची भरपाई एका सकाळी करावीशी वाटते. पण त्या दिवशी शरीराकडे जेवढी शिल्लक असते, तेवढी सगळी खर्च झाली की पुढचे दोन दिवस ते हिशेब वसूल करतं. एक नियम धरा: व्यायामानंतर तासाभरात तुम्ही व्यायामाआधी होतात तितक्या तरी ताज्या असायला हव्यात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थकवा वाढलेला नसावा. वाढला असेल तर पुढच्या वेळी निम्मं करा. पूर्ण बंद मात्र करू नका.

आराम करा आणि बरं झाल्यावर व्यायामाचं बघू, हा सल्ला आता मागे पडला आहे. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. बरं करण्याच्या उद्देशाने उपचार चालू असलेल्या रुग्णांना उपचारांदरम्यानच चालण्यासारखा आणि ताकदीचा, असा दोन्ही प्रकारचा व्यायाम सुचवावा, असं त्यांत म्हटलं आहे. किमोचा थकवा झोप काढून पूर्ण जात नाही, आणि सतत पडून राहिल्याने स्नायू झिजतात, मग उठून बसणंही जड जातं. मोजका व्यायाम हे चक्र तोडतो. थकवा कमी होतो, मनाची घालमेल कमी होते, रोजची कामं झेपतात.

आता आईंच्या काळजीबद्दल. काखेतल्या गाठी काढल्यावर हाताला सूज येण्याचा, म्हणजे लिम्फिडिमाचा, धोका खरोखर असतो. त्या हाताला अचानक, सवयीपलीकडे ताण पडला तर तो त्रास देऊ शकतो, हेही खरं. पण हात अजिबात न हलवणं हा त्यावरचा उपाय नाही. हाताचे स्नायू आकुंचन-प्रसरण पावतात तेव्हा लसिका, म्हणजे लिम्फ हा शरीरातला पाण्यासारखा द्रव, पुढे ढकलला जातो. हात लोंबता आणि निश्चल राहिला तर तो साचतो, वर खांदाही धरतो. २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. हाताला आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्यांनी देखरेखीखाली, अगदी हलक्या वजनापासून सुरुवात करून आठवड्यातून दोनदा वजनं उचलली. त्यांची सूज वाढली नाही, उलट सूज उसळण्याचे प्रसंग कमी झाले. यातलं 'देखरेखीखाली' आणि 'अगदी हलक्यापासून' एवढं आईंना वाचून दाखवा.

आधी खांदा आणि ती दोरी

तुम्ही वर्णन केलेली दोरी शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांत अनेकींना जाणवते. हात बाजूला पसरून कोपर सरळ केलं की कातडीखाली ताणलेल्या तारेसारखी दिसते, कधी मनगटापर्यंत जाते. ती धोक्याची नसते. बहुतेकींना काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ती सैल होते. मात्र तिला घाबरून हात पोटाशी धरून ठेवला तर खांदा आखडतो. कुणी सांगितलं म्हणून झटका देऊन ती तोडायचा प्रयत्न घरी कधीच करू नका.

तिला सैल करायची रीत अशी. उताणं झोपा, डोक्याखाली पातळ उशी घ्या, गुडघे वाकवा. उजवं कोपर वाकलेलंच ठेवून हात बाजूला सरकवा. जिथे ताण जाणवायला लागेल तिथे थांबा आणि खाली उशी सारा, म्हणजे हाताचं वजन तुम्हाला पेलावं लागणार नाही. मग हळूहळू कोपर सरळ करा. ते जमलं तर मनगट मागे वळवा, जणू कुणाला तळवा दाखवताय. ताण ० ते १० मध्ये ३ च्या वर जाऊ देऊ नका. तिथे ५ सावकाश श्वास घ्या आणि परत या. असं ५ वेळा, दिवसातून २ ते ३ वेळा. हा क्रम का? आधी कोपर सरळ करून मग हात बाजूला नेला तर दोरीवर सगळा ताण एकदम येतो. कोपर वाकलेलं असताना ती सैल असते, त्यामुळे किती ताणायचं हे तुमच्या हातात राहतं.

दुसरा व्यायाम काठीचा. त्याच स्थितीत दोन्ही हातांनी काठी धरा, आणि डाव्या हाताने काठी वर नेताना उजवा हात नुसता सोबत जाऊ द्या. उजव्याने जोर लावायचा नाही. डोक्यामागे जाताना छातीचा पिंजरा वर उचलला जाऊन कंबरेखाली पोकळी झाली, तर समजा खांद्याने हात टेकले आणि पाठ त्याचं काम करू लागली. एक बोट मागे या आणि तिथेच थांबा.

तिसरा, भिंतीवर बोटं चालवणं. हा सगळ्यांना माहीत असतो आणि सर्वांत जास्त चुकीचाही हाच केला जातो. भिंतीकडे तोंड करून फूटभर अंतरावर उभ्या राहा. आधी डाव्या हाताने करून बघा आणि खांद्याचं टोक कुठे राहतं ते लक्षात ठेवा. मग उजवा हात. बोटं वर चढताना खांदा कानाकडे उचलला जातो, शरीर डावीकडे कलतं, पोट पुढे येतं. यांतलं काहीही झालं तर वाढलेली उंची खोटी आहे. खांदा खाली ठेवून जिथवर बोटं जातील तिथे भिंतीवर पेन्सिलने खूण करा. आठवड्याला एकच खूण, रोज नको. रोजच्या चढउतारांनी उगाच मन खट्टू होतं.

खांद्याची ही घाई मी का करतेय? रेडिएशनच्या वेळी हात डोक्याच्या वर ठेवून निश्चल पडून राहावं लागतं. आखणीच्या स्कॅनला तर बराच वेळ. तोवर हात वर गेला नाही तर ती स्थिती घेताच येत नाही आणि आखणी लांबू शकते. तुमच्याकडे अजून महिने आहेत, पण तेवढे लागतातही.

दिवस मोजायचे ते किमोपासून

जुना वर्ग सोमवार ते शनिवार चालायचा. आता तुमचा आठवडा २१ दिवसांचा आहे.

किमोच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी उलटीवरच्या औषधांबरोबर दिलेल्या स्टेरॉइडमुळे बऱ्याच जणींना चक्क तरतरी वाटते, रात्री झोप येत नाही. या उसन्या तरतरीवर भरवसा ठेवू नका. दोन-तीनदा १० मिनिटं चाला आणि थांबा. तिसऱ्या ते सहाव्या दिवसापर्यंत ती ओसरते आणि अंग गळून जातं. त्या दिवसांत व्यायाम म्हणजे दर दोन तासांनी उठून खोलीत ५ मिनिटं फिरणं, बसून घोट्यांची हालचाल, खांद्याचे वरचे तीन व्यायाम निम्म्या संख्येने आणि संध्याकाळी लांब श्वास. वर्गाला हजेरी नको. स्क्रीनवर इतर जणी करत असताना स्वतःला थांबवणं फार कठीण असतं.

साधारण ७ ते १४ या दिवसांत अंगात जीव परत येतो, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी याच काळात सर्वांत कमी असतात. तुम्ही आत्ता याच टप्प्यात आहात. घरून व्यायाम करण्याचा सर्वांत मोठा फायदा इथे आहे. गर्दीच्या सभागृहात जावं लागत नाही, दुसऱ्याची चटई नाही, कुणाचा खोकला नाही. रोज १० मिनिटांच्या दोन चाली आणि १५ मिनिटांचा सौम्य योग एवढं पुरे. पांढऱ्या पेशी वाढवण्याचं इंजेक्शन दिलं असेल तर मांड्या, कंबर, छातीचं हाड यांत दुखू शकतं. त्या दिवसांत उड्या, पाय आपटणं टाळा, चालणं चालू ठेवा.

१५ ते २१ हे तुमचे चांगले दिवस. ताकदीचे व्यायाम इथे. चालणंही याच आठवड्यात वाढवा. पुढचं ध्येय आठवड्यातून ३ दिवस ३० मिनिटं चालणं आणि २ दिवस ताकदीचे व्यायाम हे आहे, पण तिथे पोचायला तुम्हाला किमोच्या दोन-तीन सायकल, म्हणजे २१ दिवसांचे दोन-तीन फेरे, लागले तरी हरकत नाही. ३० मिनिटं सलग हवीत असंही नाही, १०-१०-१० चालतात. वेग बोलण्यावरून ठरवा. चालता चालता एक पूर्ण वाक्य बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. घड्याळावरच्या नाडीच्या आकड्यावर जाऊ नका. हिमोग्लोबिन उतरलं की नाडी थोड्या श्रमानेही धावते आणि आकडा फसवतो.

सूर्यनमस्कार आणि बाकीची आसनं

पूर्ण सूर्यनमस्कार सध्या नाही. त्याचं कारण एका नमस्काराच्या आत पाहा. हस्त उत्तानासनात हात एकदम वर आणि मागे जातात. तुमचा खांदा तिथवर जात नाही, म्हणून कंबर मागे मोडते. पर्वतासनात आणि अष्टांगनमस्कारात शरीराचं वजन हातांवर येतं, तेही क्षणार्धात. अष्टांगनमस्कारात छाती जमिनीला टेकते, व्रणावर दाब आणि घर्षण होतं. शिवाय डोकं खाली-वर-खाली होत राहतं. किमोत रक्तदाब आणि हिमोग्लोबिन खाली असताना यानेच चक्कर येते. बारा नमस्कारांची शिस्त मोडली असं वाटून घेऊ नका. चांगल्या दिवसांत खुर्चीवर बसून ३ आवर्तनं करा: नमस्कार, उजवा हात जाईल तेवढाच वर, मांडीवर हात ठेवून पाठ लांब करत पुढे झुकणं, एक पाय मागे सरकवणं, परत.

हातांवर वजन घेणारी आसनं सर्जन आणि फिजिओथेरपिस्ट यांनी होकार दिल्यावर, आणि तीही भिंतीपासून सुरू करा. आधी भिंतीला तळवे टेकून, मग टेबलाच्या कडेवर, सर्वांत शेवटी जमिनीवर. प्रत्येक पायरीवर किमान दोन आठवडे. मार्जारासन आता करायचं असेल तर गुडघ्यांवर नको. टेबलावर दोन्ही कोपरं टेकवून, उभ्याने पाठीची कमान वर-खाली करा. मिळणारा फायदा तोच, मनगटावर भार नाही.

आत्ता करता येण्यासारखं बरंच आहे. सेतुबंधासन ५ श्वास, ३ वेळा, हात शरीरालगत. उताणं पडून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर टेकवून ५ ते १० मिनिटं. पाय उभे भिंतीला लावण्यापेक्षा हे बरं, उठताना चक्कर कमी येते. शवासनात उजव्या हाताखाली कोपरापासून तळव्यापर्यंत उशी ठेवा, म्हणजे हात छातीच्या पातळीला राहील आणि काखेतली ओढ थांबेल. शवासनातून उठताना डाव्या कुशीवर वळा आणि डाव्या हातानेच जोर देऊन उठा. घाईत उजवा हात टेकून उठण्याची सवय फार पक्की असते आणि काख तेव्हाच दुखावते.

शीर्षासन, सर्वांगासन, हलासन, तापवलेल्या खोलीतला योग उपचार संपेपर्यंत नाहीत. कपालभाती आणि भस्त्रिका यांतल्या पोटाच्या झटक्यांनी मळमळ आणि चक्कर वाढते, म्हणून त्याही बाजूला. श्वास रोखून धरायचा नाही, ताकदीच्या व्यायामातही नाही. अनुलोम-विलोम उत्तम, पण त्यात एक बारीक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटते. उजवा हात नाकाशी धरून कोपर अधांतरी ठेवलं तर पाच मिनिटांत काख आणि खांदा आखडतो. डाव्या हाताने करा, किंवा उजव्या कोपराखाली उशांचा थर लावा. सगळ्यांत सोपं म्हणजे हात न लावता ४ मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर, ५ ते १० मिनिटं. भ्रामरीही छान. घशाला किंवा तोंडाला फोड आले असतील तर गुंजारव अगदी हलका.

रेडिएशन चालू असताना योगाचा काय उपयोग होतो यावर चांगलं काम झालं आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६३ स्त्रियांपैकी एका गटाने रेडिएशनच्या ६ आठवड्यांत आठवड्यातून ३ वेळा योग केला, एका गटाने नुसतं ताणण्याचे व्यायाम केले, तिसरा गट प्रतीक्षेत होता. योग करणाऱ्यांची शारीरिक क्षमता अधिक सुधारली. यातून योगाने कर्करोग बरा होतो असं निघत नाही. पीळ देणाऱ्या आसनांनी किमोचं विष बाहेर पडतं, किंवा प्राणायाम केला की औषध कमी करता येतं, असं कुणी वर्गात सांगितलं तर त्या दिवसापासून तो वर्ग सोडा. औषध यकृत आणि मूत्रपिंडं बाहेर टाकतात, आणि किमोचं वेळापत्रक फक्त तुमचे डॉक्टर ठरवतात.

स्क्रीनमधून तुमचा हात दिसत नाही, तो दाखवावा लागतो

जुन्या वर्गात परत जायचं का? तिथे तीस जणी असतील आणि शिक्षिका एका वेळी चार चौकटी बघत असतील, तर सध्या नको. तुम्हाला ५-६ जणींचा थेट वर्ग हवा, नाहीतर एकटीचा. शिक्षिकेला विचारा: काखेतल्या गाठी काढलेल्या रुग्णांना शिकवलंय का? ड्रेन, पोर्ट (किमो देण्यासाठी कातडीखाली बसवलेली छोटी डबी), लिम्फिडिमा म्हणजे काय हे माहीत आहे का? माझ्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचाल का? मी मध्येच थांबले किंवा निघून गेले तर चालेल का? शेवटच्या प्रश्नावर कपाळाला आठी पडली तर दुसरा वर्ग शोधा. सुरुवातीची दोन सत्रं कर्करोगाच्या रुग्णांसोबत काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे प्रत्यक्ष झाली तर फार उत्तम. हाताने चाचपून जे कळतं ते कॅमेऱ्यातून कळत नाही. आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवर फक्त तेच करा जे कुणीतरी बघून आधी बरोबर करून घेतलंय.

मोबाइल जमिनीवर पुस्तकाला टेकवून ठेवला की समोरच्याला फक्त गुडघे दिसतात, आणि तुम्ही मान खाली घालून बघत राहता. तो खुर्चीच्या बैठकीच्या उंचीवर, दोन ते अडीच मीटर लांब ठेवा. उभं राहून हात वर केल्यावर बोटं आणि पाय दोन्ही चौकटीत दिसायला हवेत. उजेड तुमच्यावर पडू द्या, पाठीमागून नको. खिडकीसमोर उभं राहिलात तर नुसती सावली दिसते आणि चेहरा पांढरा पडलाय की नाही हे शिक्षिकेला कळत नाही. झोपून करताना स्क्रीनकडे बघायला मान उचलू नका, आवाज ऐकूनच करा. कळलं नाही तर थांबून विचारा.

डावं-उजवं हा ऑनलाइन वर्गातला नेहमीचा घोटाळा. शिक्षिका तुमच्याकडे तोंड करून डावा हात उचलतात, तुम्हाला तो उजवीकडे दिसतो, आणि तुमचा उजवा हात वर जातो. त्यांना सांगा, माझ्यासाठी 'शस्त्रक्रियेची बाजू' आणि 'बरी बाजू' असं म्हणा. बऱ्या हाताच्या मनगटाला एक रंगीत पट्टी सैल बांधा. ती उजव्या हाताला नको, तिथे आवळणारं काहीच नको. घड्याळही डावीकडेच.

वर्गाआधी रोज तीन गोष्टी कळवा: किमोनंतरचा कितवा दिवस, अंगात बळ १० पैकी किती, आणि नवीन काही दुखतंय का. शिक्षिकेकडे तुमचा पत्ता आणि घरातल्या एका माणसाचा फोन नंबर लिहिलेला असावा. त्या तासात तो माणूस हाकेच्या अंतरावर असावा. चक्कर येऊन तुम्ही पडलात तर स्क्रीनच्या पलीकडची बाई फक्त फोन करू शकते.

ताकदीचे व्यायाम

चांगल्या दिवसांत, आठवड्यातून २ वेळा, मध्ये एक दिवस सोडून. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं १० वेळा. खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणं १० वेळा. सेतुबंध १० वेळा. बसून दोन्ही खांद्यांची पाती मागे जवळ आणणं १० वेळा. कोपर वाकवून हात वर आणणं १० वेळा, उजव्या हातात पहिले दोन आठवडे काहीच न धरता. मग पाण्याची अर्ध्या लिटरची भरलेली बाटली, म्हणजे साधारण अर्धा किलो. सुरुवातीला एकेक फेरी, जमलं की दोन. वजन वाढवायचं ते लागोपाठ चार सत्रांत हात जड न होता पार पडल्यावरच, आणि तेही अर्ध्या किलोने. डावा हात जास्त उचलू शकतो म्हणून उजव्याने बरोबरी करायची नाही.

रबरी पट्टा अनेक ऑनलाइन वर्गांत वापरतात. त्यात दोन अडचणी आहेत. तो जितका ताणाल तितका जड होतो, त्यामुळे उजव्या हातावर नेमका किती भार पडला हे सांगता येत नाही. आणि घसरू नये म्हणून तो तळव्याभोवती गुंडाळला जातो. त्या आवळण्याने बोटांत सूज साचू शकते. वापरायचाच असेल तर सर्वांत मऊ पट्टा घ्या आणि मुठीत दांडा असलेला.

हाताची नोंद ठेवा. आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, कोपराच्या वळीपासून १० सेंटिमीटर वर आणि १० सेंटिमीटर खाली टेपने दोन्ही हात मोजा. टेप कातडीला नुसता टेकवा, आवळू नका. उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा उजवा हात मुळातच थोडा जाड असतो, म्हणून पहिली नोंद महत्त्वाची, तिच्याशी तुलना करायची. दोन हातांतला फरक पहिल्या नोंदीपेक्षा २ सेंटिमीटरने वाढला, किंवा हात जड वाटतो, अंगठी रुतते, बाही घट्ट होते आणि हे दोन दिवसांत ओसरत नाही, तर वजनं थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवा. हात लाल, गरम होऊन ताप आला तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

पाचव्या किमोपासून

दुसऱ्या औषधाने अनेकींच्या पायाच्या आणि हाताच्या बोटांना मुंग्या येतात, बधिरता येते. तळव्याला जमीन नीट कळली नाही की तोल जातो, आणि योगाच्या चटईची दुमडलेली कड तेव्हा पाडते. वृक्षासनासारखी एका पायावरची आसनं भिंतीला बोटं टेकवून करा, डोळे मिटून मुळीच नको. चालताना घरातही बंद, न घसरणारे बूट घाला. व्यायामानंतर तळपाय बघा, लागलेलं कळत नाही. नखं दुखत असतील तर भिंतीला तळवा टेकवताना बोटांच्या टोकांवर जोर येऊ देऊ नका.

पहिल्या चार किमोतलं लाल औषध हृदयावर परिणाम करू शकतं, म्हणून तुमची इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, तपासणी झाली असेल. अहवाल फिजिओथेरपिस्टला दाखवा. सपाट झोपलं की दम लागणं, घोट्यांना सूज, दोन-तीन दिवसांत वजन झपाट्याने वाढणं, धडधड, असं काही दिसलं तर वर्ग बंद आणि डॉक्टरांना फोन. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक दम लागून छातीत दुखणं हे रक्ताच्या गुठळीचं लक्षण असू शकतं. त्यात वाट बघायची नाही, तातडीच्या विभागात जायचं.

प्रत्येक सायकलच्या रक्ततपासणीचा कागद व्यायामाच्या वहीत ठेवा. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर डॉक्टरांशी बोलेपर्यंत व्यायाम थांबवा. प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील तर वजनं आणि पट्टा नको, फक्त हळू चालणं आणि सांध्यांच्या हालचाली. २०,००० च्या खाली त्याही विचारूनच. उलट्या-जुलाब होऊन २४ तास उलटले नसतील तर विश्रांती. पाठीच्या कण्यात किंवा मांडीच्या हाडात नवीन, रात्री झोपमोड करणारं दुखणं सुरू झालं तर कुठलंही आसन करण्याआधी सांगा. आणि ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला, की घरी गोळी घेऊन पडून राहायचं नाही. त्याच तासात रुग्णालयाला फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. हे आईंनाही सांगून ठेवा आणि तो नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा.

सध्या तुमचा नववा-दहावा दिवस. या आठवड्यात खांद्याचे तीन व्यायाम रोज, १० मिनिटं चालणं सकाळ-संध्याकाळ, रात्री ५ मिनिटं श्वास. वर्गात नाव घालायची घाई नको. आधी सर्जनना विचारून घ्या की हातावर भार कधीपासून घ्यायचा, आणि त्या दोरीबद्दलही दाखवा. पंधराव्या दिवशी थेट वर्गाचं पहिलं सत्र करा, १५ मिनिटांचंच. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर कसं वाटलं ते वहीत लिहा. दुसऱ्या किमोला जाताना ती वही पिशवीत असू द्या.